गुप्तकाशीहून परत

"केदारनाथला जाऊन आलात ना? दर्शन कसं झालं?" असं विचारणाऱ्यांना आता मी सरळ सांगते, की आम्ही गुप्तकाशीला जाऊन आलो. केदारनाथ तिथून अर्ध्या दिवसाचा बसचा रस्ता आणि एक चढण एवढंच लांब. ते राहिलं. का राहिलं ते सांगायला लागले की बायका भाजीची पिशवी जिन्यातच खाली ठेवतात आणि माझा कुकर तिकडे शिट्ट्या मारत बसतो. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

शांती नगर, मीरा रोड

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची. एका जागी मला बसवत नाही. मीरा रोडला राहायला आलो तेव्हा समोर नुसती मोकळी जमीन, खारी हवा आणि टँकरची वाट बघणाऱ्या बायका. चार दिवसांत मी मुर्धा गावापर्यंत पायी फिरून आले होते. अशा बाईला केदार-बद्रीची यात्रा म्हणजे पर्वणीच. पण खरं सांगायचं तर यात्रा माझी नव्हती, सासूबाईंची होती.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, अकाली विधवा झालेल्या. गिरगावात डबे करून त्यांनी एकुलत्या मुलाला, म्हणजे आमच्या यांना, शिकवलं. चाळीत कुणी ना कुणी यात्रेला जायचं, परत आलं की मावंदं घालायचं, आणि पुरणाचा स्वयंपाक करायला आईंना बोलवायचं. "लोकांच्या यात्रेची मावंदी रांधून हात झिजले माझे," त्या म्हणायच्या, "एकदा माझ्या यात्रेचं मावंदं घालायचंय. दुसरं काही नको." सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की या मे महिन्यात जायचंच. दादरच्या एका यात्रा कंपनीत तीन जागा पक्क्या केल्या.

आणि मग आमच्याकडे जयंतीभाई आले. जयंतीभाई तळमजल्यावर राहतात, विम्याचे एजंट आहेत, आणि त्यांच्याकडे फोन आहे. आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा निरोप त्यांच्या फोनवर येतो, त्यामुळे त्यांना नाही म्हणण्याची कुणाची टाप नाही.

"भाभी, पहाड में जाने का, तो पॉलिसी बिना नहीं जाने का," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "दो टाइप छे. एक सादी. हाथ-पैर टूटा, सामान खोया, उसका. दूसरी बढ़िया. उसमें ट्रिप बीच में छोड़ना पड़ा तो भी मिलेगा."

"बीच में क्यूँ छोड़ेंगे?" मी चहा ठेवायला उठत म्हटलं.

"भगवान न करे, घर में कोई नजदीक का आदमी ऑफ हो गया तो."

"जयंतीभाई! शुभ बोल नाऱ्या!" मी आतून ओरडले.

पण यांना तो मुद्दा फार पटला. आमचे हे हिशेबी माणूस. साधा प्रेशर कुकर घेताना गॅरंटी कार्डावरचं बारीक छापलेलं वाचणारे. तीन संध्याकाळी हे ती दोन्ही माहितीपत्रकं समोर ठेवून बसले. सादी की बढ़िया, बढ़िया की सादी. मी घरभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हटलं, "अहो, लोक लग्न ठरवायला एवढा वेळ घेत नाहीत!"

"लग्नाला विमा नसतो म्हणून," हे मान वर न करता म्हणाले.

आई इतका वेळ लसूण सोलत होत्या. त्यांनी जयंतीभाईंना विचारलं, "दर्शन नाही झालं तर काय देता तुम्ही?"

जयंतीभाई हसले. "बा, उसका पॉलिसी अभी नहीं निकला."

शेवटी 'बढ़िया' घेतली. त्यात लिहिलं होतं, की जवळच्या नातलगाच्या मृत्यूमुळे प्रवास सोडून घरी परतावं लागलं, तर परतीचा आणि बुडालेल्या सहलीचा खर्च मिळेल, आणि अशी घटना कळताच एजंटाने विमेदाराला व कंपनीला ताबडतोब कळवणं आवश्यक आहे. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. जयंतीभाई विसरले नाहीत. तिथेच आमच्या घोड्याने पेंड खाल्ली.

हरिद्वार ते रुद्रप्रयाग

दिल्लीपर्यंतचा प्रवास सोडून देते. त्यात ऐकण्यासारखं एवढंच, की आमच्या कंपनीने आचारी, भांडी, तांदूळ आणि गोडा मसाला सगळं इथूनच नेलं होतं. हरिद्वारला गंगेच्या काठी पस्तीस मराठी माणसं पिठलं-भात ओरपत बसली होती. समोर गरम पुऱ्या आणि बटाट्याच्या रश्श्याचा घमघमाट सुटलेला, आणि आम्ही पिठलं खातोय! मी हळूच उठून एका पानावर दोन पुऱ्या घेऊन आले. यात्रेचा व्यवस्थापक सावंत म्हणून होता, तो धावत आला. "वहिनी, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर मी जबाबदार नाही हां." म्हटलं, "घाबरू नका, विमा आहे."

हर की पौडीवर गुरुजींनी सगळ्यांच्या हातात पाणी देऊन यात्रेचा संकल्प सोडवला. आईंनी नाव, गोत्र, सासऱ्यांचं नाव, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना सासऱ्यांचं नाव घेताना पहिल्यांदा ऐकलं. परत येताना त्या चक्क माझ्यापुढे चालत होत्या.

पुढे डोंगर सुरू झाले. त्या रस्त्याला गेट असतं. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. आपली पाळी येईपर्यंत खाली उतरायचं, खाली नदीकडे बघायचं आणि कंटाळायचं. बाकीच्या बायका भजनं म्हणत बसायच्या. मी मात्र गाडीच्या पुढे-मागे फेऱ्या मारत ड्रायव्हरला विचारत राहायची, "भैया, कब खुलेगा?" तो सरदारजी म्हातारा होता. म्हणाला, "बहनजी, पहाड किसी की जल्दी नहीं देखता." मी मनात म्हटलं, पहाडाला काय जातंय, त्याला सोमवारी ऑफिस नाही.

देवप्रयागला दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना बघितलं. एक गढूळ, एक हिरवं. आई कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शैला, हे नुसतं बघून परत फिरले तरी चाललं असतं गं." मी म्हटलं, "अहो, असं काय बोलता? अजून देव तर पुढेच आहे."

आणि रुद्रप्रयागला लोणचं सांडलं. आईंनी बरणी यांच्या बॅगेत ठेवली होती. यांचे चार शर्ट आणि स्वेटर तेलात भिजून पिवळेधमक झाले. हे आधी चिडले आणि मग यांचा चेहरा उजळला. "सामानाचं नुकसान! पॉलिसीत आहे!" लगेच पिशवीतून कागद काढून वाचायला लागले. वाचता वाचता चेहरा पडला. प्रवाशाने स्वतः बाळगलेल्या पातळ पदार्थाच्या गळतीमुळे झालेलं नुकसान वगळून, असं तिथे लिहिलेलं होतं. पूर्ण बस हसली. हे मात्र पुढे दोन दिवस लोणच्याच्या वासाचं स्वेटर घालून हिंडत होते.

गुप्तकाशी

गुप्तकाशीला दुपारी पोचलो. समोर बर्फाचे डोंगर, इतके जवळ की हात लावावासा वाटावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीकुंड आणि तिथून चढण. आईंसाठी डोली ठरवून ठेवली होती. सावंत म्हणाला, "तासाभराने सगळे विश्वनाथाच्या देवळात जमा."

बाजारात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. घरी मंजिरी, आमची मुलगी, एकटीच होती म्हणून हे दर दोन दिवसांनी जयंतीभाईंकडे फोन करून तिची खुशाली विचारत. आजही गेले. मी बाहेर उभी राहून बुरांशाच्या फुलांचं लालबुंद सरबत पीत होते. काचेतून मला यांचा चेहरा दिसत होता. तो बघता बघता बदलला. मंजिरी!

हे बाहेर आले. "मंजिरी बरी आहे," यांनी आधी सांगितलं, तेव्हा कुठे मी सरबताचा पेला खाली ठेवला. "गावचे आप्पा गेले. परवा."

आप्पा म्हणजे यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. संगमेश्वराकडे आमच्या गावी राहायचे. मी त्यांना लग्नानंतर एकदा पाहिलेलं. आमचं जाणं-येणं नाही, पत्र नाही, लग्नकार्याला अक्षत नाही. पण भाऊबंद ते भाऊबंद. दहा दिवसांचं सुतक.

आता आपल्याकडे एक रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. यात्रेला गेलेल्या माणसाला असं काही कळवायचं नाही. कळलं तर लागतं, नाही कळलं तर नाही. मंजिरी वीस वर्षांची पोर, पण तिलाही ते ठाऊक होतं. गावाहून निरोप आल्यावर तिने जयंतीभाईंना बजावलं होतं, की पप्पांना सांगू नका. पण जयंतीभाईंचा त्यावर वेगळा विचार झाला. ते यांना फोनवर म्हणाले, "बेटी ना बोलती थी. पर इन्टिमेशन तो देना पड़ता है ना? कल को क्लेम में प्रॉब्लेम आएगा. आप लोग में भी सूतक, हमारे में भी सूतक. मैंने सोचा, आप वापस तो आएँगे ही." म्हणजे बघा! या भल्या माणसाने आमच्याच भल्यासाठी आमच्या यात्रेवर पाणी ओतलं.

मी यांचा हात धरला. "हे बघा, आईंना एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे माझी."

"नाही बोलणार," हे म्हणाले. आणि नाहीच बोलले. यांचा दोष नाही, खरंच नाही.

देवळाशी सगळे जमले. आईंच्या हातात बेलाची पानं आणि पाण्याचा गडू. एकेक जण आत जात होता. मी आईंना धरून पायऱ्या चढले. वळून बघते तर हे खाली चपला घालून तसेच उभे. सावंत म्हणतोय, "चला ना साहेब," आणि हे नुसती मान हलवतायत. देवळाच्या दारातून आईंनी ते बघितलं. मग त्यांनी पाण्याचा गडू अगदी हळू पायरीवर ठेवला आणि बेल त्यावर ठेवला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अहो कोण कशाला जाईल? त्यांचं पोट बिघडलंय."

"शैला, फोन करून आलाय तो. देवळाबाहेर थांबलाय. मला काय नवीन आहे का हे? कोण गेलं, सांग."

यांनी खालूनच सांगितलं, "आप्पा."

आई पायऱ्या उतरल्या. माझा हातही घेतला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. बसमधले सगळे भोवती जमले आणि प्रत्येकाला शास्त्र ठाऊक! एक बाई म्हणाल्या, चुलत असेल तर तीन दिवस पुरे. दुसऱ्या म्हणाल्या, गंगेत बुडी मारली की सुटतं. सावंत रडकुंडीला आला. मी देवळातल्या गुरुजींनाच धरून आणलं. ते भले गृहस्थ, आईंसमोर हात जोडून म्हणाले, "माताजी, हरिद्वार में संकल्प हो गया है. संकल्प के बाद यात्रा में सूतक नहीं लगता. आप निश्चिंत होकर दर्शन कीजिए." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आई म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल, महाराज." आणि धर्मशाळेच्या खोलीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस गौरीकुंडला निघून गेली. आमच्या तीन जागा रिकाम्या. तो हॉर्न लांब वळणावर जाईपर्यंत ऐकू येत होता आणि माझा नुसता जळफळाट होत होता. हातातोंडाशी आलेला घास! आणि तोही कुणासाठी? धर्मशाळेच्या गच्चीवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. धर्मशाळा सांभाळणारी बाई तिथे गहू निवडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं, मराठी-हिंदी जमेल तसं. ती म्हणाली, "हमारे यहाँ घोड़ेवाले का बाप भी मर जाए, तो वह सवारी को बीच रास्ते नहीं छोड़ता. ऊपर पहुँचाकर, उतरकर, तब रोता है." मी म्हटलं, बघा, हे खरे शहाणे लोक! आणि तिने दिलेली नाचणीसारख्या काळ्या पिठाची जाड भाकरी तूप लावून खाल्ली. दुःखातही चांगली लागली, खोटं कशाला बोलू?

मग मी खाली आईंकडे गेले. हे बाहेर गेले होते. मी ठरवूनच गेले होते.

"आई, एक सांगू? रागावू नका. अजून वेळ गेलेली नाही. जीप मिळते. संध्याकाळपर्यंत आपण गौरीकुंडला. फोन लागलाच नाही असं समजू. आपण ऐकलंच नाही."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या.

"मोहनचे वडील गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा आप्पाच्या मुलीचं लग्न होतं. तिसऱ्या दिवशी. मुंबईहून माणूस पाठवला होता गावाला. तो आप्पाच्या अंगणात उभा राहून सांगून आला. आप्पाने त्याला चहा दिला आणि म्हणाला, आम्ही काही ऐकलं नाही. समजलास? आम्ही ऐकलंच नाही. आणि लग्न केलं. वाजंत्री लावून. सगळी भावकी जेवायला गेली. मी गिरगावात दोन वर्षांचं पोर घेऊन बसलेली, आणि गावात माझा माणूस मेलेलाच नव्हता. तीन दिवस त्यांच्या लेखी तो जिवंत होता, शैला. कुणी अंघोळ नाही केली त्याच्या नावाने."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"मग मी आता म्हणू होय, की मी ऐकलं नाही?"

"पण तो माणूस तुमच्याशी असा वागला! त्याच्यासाठी तुम्ही..."

"तो तसा वागला. मी का वागू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "जा, मोहनला बोलव. चहा तरी घेऊया."

मला त्या आप्पाचा इतका राग आला, इतका राग आला! मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी गच्चीवर जाऊन दिल्या.

परतीचा रस्ता

मी म्हणत होते, इथेच राहू. सुतक फिटेपर्यंत थांबू आणि मग दर्शन घेऊन जाऊ. मला एका खोलीत आठ दिवस काढणं म्हणजे शिक्षाच, पण मी काढले असते. आई म्हणाल्या, "धर्मशाळेत सुतक घेऊन बसायचं? इथे रोज लोक देवाला जायला येतात. त्यांना कशाला माझा विटाळ?" आणि यांनी वेगळंच काढलं. रजा नव्हती हे तर खरंच. पण पॉलिसी!

"थांबलो तर काही मिळणार नाही," हे म्हणाले. "घरी परत गेलो तरच मिळतं. असं लिहिलंय. आत्ता परत जाऊ, क्लेम करू, आणि त्याच्यावर ऑक्टोबरात पुन्हा येऊ. देऊळ दिवाळीपर्यंत उघडं असतं. आईला मी केदार दाखवणार म्हणजे दाखवणार."

पुन्हा लगेच एवढी सहल आम्हा दोघांच्या पगारात बसण्यातली नव्हती. त्यामुळे ऑक्टोबर म्हणजे विमा, आणि विमा म्हणजे परत फिरणं. मला पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. सावंताने जाण्याआधी लिहून ठेवलेला दाखला धर्मशाळेत मिळाला. त्यात 'प्रवाशांनी स्वेच्छेने यात्रा सोडली' असं होतं. स्वेच्छेने! मी म्हटलं, याला गौरीकुंडाच्या गरम कुंडात बुडवला पाहिजे.

ऋषिकेशपर्यंत साध्या एसटीसारख्या बसने आलो. आई खिडकीशी बसल्या होत्या. त्या मागे वळून बर्फाच्या डोंगरांकडे बघत नव्हत्या, आणि नमस्कारही केला नाही. सुतकात नमस्कार करायचा नसतो. माझे हात मात्र शिवशिवत होते. शेवटी रुद्रप्रयागच्या आधीच्या वळणावर मी त्यांच्या वाटचा नमस्कार मनातल्या मनात करून टाकला. देवाला काय हिशेब ठेवायचा तो ठेवू दे.

पुन्हा मीरा रोड

घरी आलो, सुतकाचे उरलेले दिवस पाळले. बिल्डिंगमधल्या पंजाबी भाभीने विचारलं, "इतनी जल्दी? दर्शन हो गए?" मी म्हटलं, "आधे हो गए." मुर्ध्याहून मासे घेऊन येणारी बाई दारात टोपली टेकवून म्हणाली, "आये, आलीस? देव न्हाय गावला व्हय?" आई म्हणाल्या, "न्हाय गावला बाई. सुतक हाय. चार दिवस नको येऊस." तिने टोपली उचलली आणि काही न विचारता गेली. तिने तेवढंच विचारलं म्हणून मला ती फार आवडली.

जयंतीभाई मात्र उत्साहात होते. रोज संध्याकाळी वर यायचे. "जवळचा नातलग म्हणजे कोण?" हा प्रश्न आता उभा राहिला. पॉलिसीत लिहिलेलं, की नवरा-बायको, आई-बाप, मुलं, सख्खी भावंडं, आणि एकत्र कुटुंबातली माणसं. चुलत सासरे कुठेच नाहीत. "एकत्र कुटुंब में डालेंगे," जयंतीभाई म्हणाले. गावची जमीन अजून वाटली गेलेली नव्हती, आजही तिच्यावर दोन्ही घरांची नावं होती. हे खरंच होतं. यांनी तलाठ्याचा उतारा मागवला. यांना हुरूप आला. हिमालयाचं कॅलेंडर कुठूनसं आणून यांनी स्वयंपाकघरात लावलं आणि ऑक्टोबरच्या पानावर गोल केला.

आईंनी गुप्तकाशीत सांगितलेलं सगळं मी यांच्या कानावर घातलं होतं. हे म्हणाले, "म्हणून तर आता आईला नेलंच पाहिजे. आप्पामुळे गेलं, आप्पामुळेच परत मिळेल." मला ते ऐकायला बरं वाटलं. असा सूड कुणाला नको असतो?

फोर्ट

विमा कंपनीचं ऑफिस फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. आईंना दर मजल्यावर बसवत वर नेलं. विमा त्यांच्या नावावर, आणि साहेबांना त्यांच्याशी समक्ष बोलायचं होतं. पंख्याखाली फायलींचे गठ्ठे, आणि त्यांच्यामागे एक मराठी साहेब. चष्मा कपाळावर. माणूस चांगला होता. त्याने आधी आईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग कागद उघडले.

"आमच्याकडे पण चुलत्याचं सुतक असतं," तो म्हणाला. "मला कळतं हो. पण आमच्या पुस्तकात सुतक नाही." मग सातबाराचा उतारा उलटसुलट बघितला. "जमीन एकत्र आहे. याच्यावर मी एकत्र कुटुंब असं लिहू शकतो. वर कुणी हरकत घेणार नाही. पण आजींचं म्हणणं मला लिहून घ्यावं लागेल. एकच प्रश्न आहे."

यांनी घरून निघताना आईंना चार वेळा सांगितलं होतं, की ते विचारतील, तुम्ही नुसतं हो म्हणा. आई ऐकून घेत होत्या. मी यांच्या शेजारी उभी होते आणि माझा पाय सारखा हलत होता. साहेबांनी पेन उघडलं.

"आजी, मयत तुमचे जवळचे होते ना?"

आईंनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आई!" हे जवळजवळ ओरडले.

साहेबांनी पेन थांबवलं. "म्हणजे? एका कुटुंबातले ना?"

"एका गावचे. भाऊबंद. पण जवळचे नाहीत. माझ्या वाईट काळात दारात उभा राहिला नाही तो माणूस."

"मग तुम्ही यात्रा का सोडलीत?"

"मेला ना तो," आई म्हणाल्या. त्यात समजावून सांगायचं काय आहे, अशा सुरात.

साहेब आमच्याकडे बघायला लागला. हे खिडकीबाहेर बघत होते. ऑक्टोबर गेला, हे आम्हा तिघांना कळलं होतं. आईंनाही. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या.

साहेबाने मऊ आवाजात म्हटलं, "आजी, मी अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही नुसतं हो म्हटलंत तरी पुरे आहे. दिवाळीच्या आत केदारनाथ बघून याल."

आईंनी पदर सावरला आणि उठण्यासाठी माझा हात मागितला.

"त्याच्यापायी मी केदार सोडला, साहेब," त्या म्हणाल्या. "पण त्याला जवळचा म्हणणार नाही."